कुलाबा जिल्ह्यातील कबरस्थानांचा माग

इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या नातलगांकडे आजोबा-पणजोबांचे जे कागद उरले आहेत, त्यांत जन्मस्थानाच्या रकान्यात पुष्कळदा ‘कुलाबा’ एवढाच शब्द असतो. अश्दोदला किंवा दिमोनाला वाढलेला नातू ते नाव मोबाइलवरच्या नकाशात टाकतो, नकाशा त्याला मुंबईच्या दक्षिण टोकाला नेऊन उभा करतो, आणि मग कुलाब्यातले ज्यू कबरस्थान नेमके कोणत्या रस्त्यावर आहे, अशी विचारणा माझ्याकडे येते. त्याच्या कागदावरचा कुलाबा हा जिल्हा आहे, अलिबागसमोरच्या समुद्रातील किल्ल्यावरून त्या जिल्ह्याला ते नाव पडले होते आणि १९८१ साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, त्याचे रायगड झाले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या समाजाच्या बहुतेक वंशावळी मागे नेल्या की याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी खाडीकाठी येऊन थांबतात. मी ठाण्यात राहतो, मराठी लिहितो-वाचतो आणि तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा करत नाही, एवढ्या भांडवलावर नातलगांनी हे काम माझ्याकडे सोपवले आहे. ते करता करता माझे एक मत पक्के होत गेले : आडनाव हा या शोधातला सर्वांत आकर्षक धागा असला, तरी तो सर्वांत कच्चाही आहे, आणि खरा भरवसा ठेवावा तो जमिनीच्या दफ्तरावर.

आडनावाबद्दल आधी सांगतो. आमच्यातली शंभरावर आडनावे गावांवरून आली आहेत. केहिमकर, झिराडकर, आवासकर ही अलिबाग तालुक्यातली, पेणकर, वाक्रूळकर पेणकडची, रोहेकर आणि अष्टमकर कुंडलिकेच्या दोन काठांवरची, दिवेकर दिवेआगरचे. यांतली बरीच आडनावे त्याच गावांतून बाहेर पडलेल्या हिंदू कुटुंबांतही आहेत, त्यामुळे केवळ आडनावावरून समाज ओळखता येत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. किहीममध्ये राहणाऱ्या माणसाला किहीममध्ये कोणी केहिमकर म्हणत नाही. गाव सोडून तो दुसरीकडे गेला की मग त्याला हे नाव चिकटते. म्हणजे आडनाव सांगते ते सोडलेले गाव. ते एका पिढीपूर्वी सोडले की पाच पिढ्यांपूर्वी, हे आडनाव सांगत नाही, आणि पणजोबांची कबर त्या गावात असेल याची तर मुळीच हमी देत नाही.

याची दोन ठळक उदाहरणे समाजातल्या सर्वांना ठाऊक आहेत. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल ईझिकेल दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत आणि त्या रस्त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. नाव दिवेआगरचे, काम मुंबईत, आणि १७९७ साली मृत्यू कोचीनला. दुसरे उदाहरण सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांचे. त्यांनी १८९३ साली कराचीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारले. फौजेत, रेल्वेत आणि सरकारी नोकरीत शिरलेल्या आमच्या माणसांच्या कबरी पुणे, अहमदाबाद, कराची, एडन अशा जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे आहेत. त्यांचा शोध कोकणात सुरू करणे म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणे होय.

गावांच्या नावांचेही तेच. केहिमकर या आडनावातले केहीम आज पाटीवर किहीम असते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला, त्यातली गावांची नावे त्या काळच्या इंग्रजी वळणाने आलेली आहेत आणि १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटिअरमधली वेगळ्या वळणाने. हिब्रूत लिहिताना त्यांत आणखी भर पडते, कारण तिथे ‘व’, ‘ओ’ आणि ‘ऊ’ यांना एकच अक्षर पुरते. परिणामी नवगाव आणि नागाव ही दोन गावे परदेशातल्या कागदांवर हमखास एक होऊन जातात. नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्यामध्ये. नागाव दक्षिणेला, आक्षी ओलांडून चौलकडे जाताना. दोन्ही समुद्रकाठची, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्ही अलिबाग तालुक्यातली. त्यात उरण तालुक्यातही एक नागाव आहेच. शिवाय नवगावाला आमच्याकडे मोठा मान. आमचे पूर्वज ज्या जहाजातून आले ते तिथल्या किनाऱ्यालगत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते तिथेच पुरली, ही कथा प्रत्येक घरात सांगितली जाते आणि तिथल्या जुन्या कबरस्थानात स्मारकस्तंभही उभा आहे. त्यामुळे कागदावर थोडी जरी संदिग्धता असली, तरी प्रत्येकाला आपले गाव नवगावच असावे असे वाटते. मी अशा वेळी आधी नागावकडे पाहतो. जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीचेही असेच आहे. राजपूरकर हे आडनाव ऐकून रत्नागिरी जिल्ह्यातले राजापूर गाठण्याआधी राजपुरी खाडीकाठची गावे पाहून घ्यावीत.

गावाचा अंदाज आला की पुढचा प्रश्न असा असतो, की त्या वेळी त्या गावावर अंमल कोणाचा होता. हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो खरा, पण कागद कोणत्या दफ्तरात सापडणार हे त्याच्यावरच ठरते. आजच्या रायगड जिल्ह्याचा अलिबागकडचा भाग आंग्र्यांचा होता आणि १८४० नंतर तो इंग्रजांकडे गेला. ठाण्यापासून वेगळा कुलाबा जिल्हा झाला तो १८६९ साली. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाचा, आणि पाली-सुधागड भोर संस्थानात. ही दोन्ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली. म्हणून पणजोबांच्या वहीत ‘मौजे अमुक, तर्फ तमुक’ असे लिहिलेले असेल तर त्यातली तर्फ, म्हणजे काही गावांचा जुना महसुली गट, गावाच्या नावाइतकीच काळजीने उतरवून घ्यावी. आमच्या घरच्या एका वहीत गावाच्या नावावर पाण्याचा डाग पडलेला होता. शेजारची तर्फ मात्र शाबूत होती, आणि तिच्यावरून शोध बारा-पंधरा गावांपुरता मर्यादित करता आला. जुने कागद मोडीत असतात, त्यांवरचा काळ सुहूर सनात, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरांतल्या कालगणनेत, असतो, आणि सन अंकांऐवजी अरबी संख्यानामांनी लिहिलेला असतो. ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे ११८१. त्यात जून ते डिसेंबरपर्यंतच्या तारखांसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७८०-८१. शकात ७८ मिळवायचे हे शाळेतच शिकवलेले असते, सुहूर सनाचे कोणी शिकवत नाही.

काही नावे मात्र नकाशावर सापडतच नाहीत. याचे सर्वांत साधे कारण असे, की ते गाव कधीच महसुली गाव नव्हते. ती एखाद्या मौज्यातली वाडी, पाडा किंवा आळी होती आणि मौज्याच्या नावाखाली ती लपली आहे. दुसरे कारण म्हणजे बेचिराग गावे : वस्ती उठली, पण शिवार उरले, त्यामुळे गावांच्या यादीत नाव आणि क्षेत्रफळ आहे आणि लोकसंख्येच्या जागी शून्य. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत अशी गावे तालुकावार दिलेली असतात. ज्याला जुन्या नावाचे गाव सापडत नाही, त्याने ही पुस्तिका चाळल्याखेरीज ते ‘नाहीसे झाले’ असे म्हणू नये. तिसरे कारण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. उरण-पनवेलकडे बंदर, नवी मुंबई आणि आता विमानतळ यांसाठी गावे उठली. तरघर, कोंबडभुजे, कोल्ही, कोपर ही नावे पुढच्या पिढीला पुनर्वसनाच्या सेक्टरांवरून ओळखावी लागतील. याच्या उलट, माणसे गेली आणि नाव राहिले असेही होते. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथले १८४८ साली स्थापन झालेले आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेले सिनेगॉगही आहे, पण आळीत आमची घरे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता कबरस्थान. लोक गावात जाऊन ‘ज्यूंचे कबरस्थान कुठे आहे’ असे विचारतात आणि हात हलवत परत येतात. खेड्यात आम्हाला ज्यू कोणी म्हणत नसे. आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, नाहीतर नुसते ‘इस्रायल’. आणि ‘कबरस्थान’ म्हटले की गावकरी साहजिकच मुसलमानांच्या दफनभूमीकडे बोट दाखवतात. एखाद्या वृद्ध माणसाला ‘इस्रायल लोकांची जागा’ असे विचारले, तर तो शेताच्या बांधावरून थेट तिथे घेऊन जातो. अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून त्यांच्यावर विसंबण्याआधी कागद पाहून जावे असे मी सांगतो.

कागद पाहायचे म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. मूळ मोजणीच्या वेळी प्रत्येक मौज्यातली जमीन सर्व्हे नंबरांत बांधली गेली आणि आकारबंदात प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि आकारणी लिहिली गेली. कबरस्थान, रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक उपयोगाच्या जमिनीवर आकारणी नसते. ती पोटखराबा (लागवडीखाली न येणारी जमीन) वर्ग ‘ब’मध्ये दाखवली जाते किंवा तिला स्वतंत्र नंबर दिलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घेतली की अशी जागा नकाशावर वेगळी दिसते. आजचा सातबारा घरबसल्या पाहता येतो, पण त्यावर थांबू नये, कारण त्यात फक्त आजचे चित्र असते. त्यावरचे फेरफार क्रमांक टिपून घ्यावेत आणि एकेक फेरफार मागे मागे काढत जावे, जुने शेतवार पत्रक आणि हक्क नोंदणीचे कागद मागावेत. जिथे एकत्रीकरण योजना झाली आहे, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आहेत आणि दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे सगळे करून एका गावात जो तुकडा हाती आला, त्याच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या जागी ‘सरकार’ आणि ‘इतर हक्क’मध्ये ‘इस्रायल लोकांचे कबरस्थान’ अशी ओळ होती. गावाचे नाव दोनदा बदललेल्या रूपांत लिहिले गेले होते, तालुका बदलला होता, जिल्ह्याचे नाव बदलले होते. त्या तुकड्याच्या चतु:सीमा मात्र शंभराहून अधिक वर्षे त्याच होत्या. अलिबाग-किहीम पट्ट्यात गुंठ्याचे भाव आज जिथे पोहोचले आहेत ते पाहता, ही नक्कल जमातीच्या दफ्तरी असणे हे केवळ वंशावळीच्या हौसेपुरते उपयोगी नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

मृत्यूची नोंद शोधायची तर गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही बुके राज्यभर कपाटांतून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि कित्येक जिल्ह्यांनी पानांच्या प्रतिमा संकेतस्थळावर ठेवल्या. आमच्यासारख्यांना त्या मोहिमेचा आयता लाभ झाला. जातीच्या रकान्यात ‘इस्रायल’, ‘बेनी इस्रायल’ किंवा नुसते ‘तेली’ यांपैकी काहीही असू शकते, म्हणून नावे पाहावीत. सामाजी, हसाजी, मुसाजी, एलोजी ही नावे शेजाऱ्यांच्या नावांत मिसळून जातात. ती सॅम्युएल, ईझिकेल, मोझेस, एलायजा यांची कोकणी रूपे आहेत. तोच माणूस मुंबईच्या कागदांवर सॅम्युएल असतो आणि गावच्या बुकात सामाजी, हे ध्यानात न ठेवल्यास एका माणसाचे दोन होतात.

प्रत्यक्ष कबरस्थानात जायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, गवत वाळल्यावर. खेड्यांतल्या सर्वांत जुन्या कबरींवर लेख नसतोच. डोक्याकडे आणि पायाकडे उभे केलेले काळे दगड, एवढीच खूण. हिब्रूचे शिक्षण समाजात पुन्हा पसरले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनच्या शाळा आणि कोचीनहून आलेले शिक्षक यांच्यामुळे, आणि लिहिलेल्या शिळाही त्यानंतर वाढत गेल्या. झिजलेले अक्षर वाचण्यासाठी दगडावर खडू, रांगोळी किंवा पीठ चोळणारे लोक मी पाहिले आहेत. तारेचा ब्रश आणि ॲसिड वापरणारेही पाहिले आहेत. यांतले काहीही करू नये. साधे पाणी, मऊ ब्रश आणि तिरपा प्रकाश पुरेसा असतो. भर दुपारी कोरी दिसणारी शिळा संध्याकाळी कडेने विजेरी धरली की ओळी दाखवू लागते.

एक शिळा मी नीट वाचली ती अशी. वर ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन हिब्रू अक्षरे, म्हणजे ‘येथे दफन केले आहे’. खाली मराठीत बाईंचे नाव आणि ‘यांची पत्नी’. त्याखाली ‘तव, रेश, नून, हे’. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते : चारशे, दोनशे, पन्नास, पाच, मिळून ६५५. हिब्रू सनातला पाच हजारांचा आकडा लिहायचा नसतो. ६५५ मध्ये १२४० मिळवले की १८९५ येते. मात्र हिब्रू वर्ष रोश हशनाला, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होत असल्याने त्या हिब्रू वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतला मृत्यू असेल तर १८९४ धरायचे. तिथीतला पंधरावा आणि सोळावा दिवस ‘नऊ-सहा’ आणि ‘नऊ-सात’ असा लिहितात, कारण दहा-पाच लिहिले तर देवाचे नाव होते. शेवटच्या ओळीत ‘तव, नून, त्सादी, बेत, हे’ ही पाच अक्षरे होती. ती प्रार्थनेची आद्याक्षरे आहेत, मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशा अर्थाची. पण तो सन समजून बेरीज केली तर ५४७, म्हणजे १७८७ साल निघते, आणि बाई एका फटक्यात शंभर वर्षांनी जुन्या होतात. परदेशातून फोटो पाठवून ‘आमची अठराव्या शतकातली कबर सापडली’ असे कळवणाऱ्यांना मी प्रथम शेवटची ओळ पुन्हा पाहायला सांगतो.

फोटो काढताना एकट्या शिळेचा काढून थांबू नये. शेजारच्या चार कबरींचेही काढावेत, कारण कुटुंबे जवळजवळ पुरली जात आणि ज्याचे नाव तुम्हाला ठाऊक नाही तो दीर किंवा सासरा तिथेच असतो. प्रवेशाच्या बाजूपासून ओळ आणि क्रमांक लिहून ठेवावा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि सर्व्हे नंबर त्याच पानावर लिहावा.

बायकांचा शोध अजून अवघड आहे. शिळेवर नवऱ्याचे नाव असते, माहेर नसते. ते मिळण्याची शक्यता केतुब्यात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, किंवा सिनेगॉगच्या विवाह नोंदवहीत असते, जिथे वधूच्या वडिलांचे नाव येते आणि साक्षीदारही बहुधा नात्यातलेच असतात. या वह्या काही ठिकाणी समाजाच्या मुकादमाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरी लोखंडी पेटीत आहेत, काही लोक जाताना इस्रायलला घेऊन गेले. वर ज्या बाईंची शिळा सांगितली, त्यांचे माहेर पेण तालुक्यातले असावे असे दोन साक्षीदारांच्या आडनावांवरून दिसते. वाक्रूळच्या आकारबंदाची आणि गावनकाशाची नक्कल मागण्याचा अर्ज मी दिला आहे. त्यावर फी भरल्याचा शिक्का बसला आहे, नक्कल अजून मिळायची आहे.